लाल टोपल्यांची क्विल्ट आणि विकणाऱ्या बाईंची गोष्ट

पत्र :

‘ताई, आम्ही बरीच वर्षं ओहायोत, कोलंबसला राहतो. मागच्या महिन्यात जवळच्या एका गावात इस्टेट सेल, म्हणजे एका घरातल्या सगळ्या सामानाची विक्री, होती, तिथे मला एक जुनी क्विल्ट, म्हणजे आपल्या गोधडीसारखं थरांचं पांघरूण, मिळाली. पांढऱ्या मांजरपाटासारख्या कापडावर लाल टोपल्या, प्रत्येकीला वर कमानीसारखी कडी. एकूण 42 टोपल्या, मधे मधे कोरे पांढरे चौकोन. विकणाऱ्या बाई म्हणाल्या, “अमिश बायकांनी केलेली आहे, सिव्हिल वॉरच्या आधीची. आणि ही एक टोपली बघा, मुद्दाम उलटी लावलीय, कारण निर्दोष काम फक्त देवाचं.” ते ऐकून मला राहवलं नाही, 325 डॉलर देऊन मोकळी झाले. घरी नवरा म्हणतो, चिंध्यांना एवढे पैसे? सासूबाई सध्या इथेच आहेत. त्या म्हणतात, कुणाकुणाच्या अंगावरची असेल, आधी मशीनला लाव. क्विल्टवर तपकिरी डाग आहेत, खालच्या कोपऱ्यातल्या दोन टोपल्या लालच्या गुलाबी झाल्यात, आणि उजेडात धरली की आत काळे ठिपके दिसतात. मी फसले का? धुवू का? दिवाणखान्यात खिडकीसमोरच्या भिंतीवर लावली तर चालेल? पुढच्या वर्षी पुण्याला परत जातोय, तिथे टिकेल का? आणि नवऱ्याला सांगू नका, पण मला अशा अजून घ्यायच्या आहेत. सोबत फोटो पाठवतेय.’

उत्तर :

आधी मशीनचं. लावू नका. सासूबाईंची समजूत काढायला वेळ लागला तरी चालेल, तोवर क्विल्ट त्यांच्या हाती लागणार नाही अशा ठिकाणी ठेवा. शंभर वर्षांचं सुती कापड कोरडं असताना ठीकठाक दिसतं, पण ओलं झालं की आतल्या कापसासकट त्याचं वजन इतकं वाढतं की जुना दोरा तटातट तुटतो. मशीनच्या घुसळणीत तर टोपल्यांच्या कड्या आधी उसवतील.

आता विकणाऱ्या बाईंची गोष्ट. ती त्यांनी रचली असेल असं मी म्हणत नाही, त्यांनाही कुणीतरी सांगितलेलीच असणार. पण त्यातली तिन्ही कलमं तुमच्याच फोटोंपुढे टिकत नाहीत.

दुसरा फोटो मोठा करून बघा. टोपलीची कडी ही उरेब कापलेली पट्टी आहे, वळवून पांढऱ्या कापडावर बसवलेली. तिच्या दोन्ही कडांवरून टीप गेली आहे, अगदी सारख्या अंतराची, पांढऱ्या दोऱ्याची. ही मशीनची टीप. सिंगरचं पेटंट 1851 चं, पण शिलाई मशीन साध्या घरांत पोचलं ते 1860 नंतर. त्या काळी मशीन असणं मिरवण्यासारखी गोष्ट होती, म्हणून काही बायका ही टीप लपवण्याऐवजी मुद्दाम लाल कापडावर पांढऱ्या दोऱ्याने मारत. सिव्हिल वॉर, म्हणजे अमेरिकेतलं यादवी युद्ध, 1861 ला सुरू झालं. म्हणजे ‘सिव्हिल वॉरच्या आधीची’ इथेच डळमळते. बाकी क्विल्टिंग, म्हणजे तिन्ही थर एकत्र धरणारा धावदोरा, तो मात्र हाताचा आहे आणि चांगला बारीक आहे.

मग त्या गुलाबी टोपल्या. इथे मी जरा थांबणार आहे, कारण तुमच्या क्विल्टमधली सगळ्यात मजेदार जागा हीच. बाकीच्या चाळीस टोपल्या ज्या लालच्या आहेत त्याला टर्की रेड म्हणतात. मंजिष्ठेच्या कुळातल्या मॅडर नावाच्या मुळापासून, तेल आणि तुरटीच्या कितीतरी हातांमधून हा रंग चढवायचे. 1868 मध्ये त्यातलं रंगद्रव्य, अ‍ॅलिझरिन, प्रयोगशाळेत तयार झालं आणि पुढे मुळांची गरज उरली नाही. हा लाल पाण्याला दाद देत नाही. घासल्या जाणाऱ्या जागी धागा झिजून पांढुरका दिसतो, पण शेजारच्या पांढऱ्यावर रंग उतरत नाही. अमेरिकेत लाल-पांढऱ्या क्विल्टचं एवढं वेड पसरलं ते याच भरवशावर. (हाच रंग आपल्याकडेही येत होता. स्कॉटलंडमधल्या व्हेल ऑफ लेव्हनच्या गिरण्या मोरांची नक्षी छापलेलं टर्की रेड कापड खास हिंदुस्थानच्या बाजारासाठी काढत. सासूबाईंच्या आजीच्या घरात ते नसेलच असं नाही.)

टर्की रेड महाग पडे. 1884 मध्ये काँगो रेड नावाचा रंग निघाला. तो सुती कापडावर तुरटीबिरटी काही न लावता थेट चढायचा, त्यामुळे स्वस्त. पण तो धुण्यात उतरायचा आणि उन्हात विटायचा. तुमच्या कोपऱ्यातल्या दोन टोपल्या अशाच कुठल्यातरी स्वस्त लालच्या असाव्यात. प्रश्न एवढाच की त्या मुळातल्या की नंतर लावलेली ठिगळं. ते कळायला उलटी बाजू बघायची. धावदोऱ्याची रांग शेजारच्या चौकोनातून गुलाबी टोपलीत शिरून पलीकडे तशीच निघत असेल, आणि अस्तरावर तिचे टाके सलग दिसत असतील, तर टोपली क्विल्ट भरण्याच्या आधीपासून तिथे आहे. ठिगळ असतं तर ते धावदोऱ्याच्या वर बसलं असतं आणि अस्तरावर त्याच्या कडेची वेगळी शिवण दिसली असती. तुमच्या पाचव्या फोटोत रांग सलग आहे. म्हणजे त्या बाईचं चांगलं लाल कापड चाळीस टोपल्यांत संपलं, आणि उरलेल्या दोनांसाठी तिने स्वस्तातलं आणलं. आणलं तेव्हा दोन्ही लाल सारखेच दिसत असणार.

यावरून मी तुमच्या क्विल्टचा काळ 1890 ते 1915 च्या दरम्यान धरेन. हातात घेऊन बघणारा जाणकार हे अंतर आणखी कमी करू शकेल.

काळ्या ठिपक्यांवर कुणी तुम्हाला सांगेल की ते सरकीचे तुकडे, म्हणजे क्विल्ट कापसातून सरकी काढणाऱ्या एली व्हिटनीच्या जिनिंग मशीनच्या, 1793 च्या, आधीची. हसून सोडून द्या. जिनिंगनंतरही स्वस्त कापसात सरकीचा कचरा राहायचाच, पुढे शंभर-सव्वाशे वर्षं राहिला.

अमिश म्हणजे साधेपणाने राहणारा एक ख्रिस्ती पंथ. त्यांचं म्हणाल, तर 1870 च्या आधीच्या अमिश क्विल्ट जवळजवळ सापडतच नाहीत. ओहायोतल्या, होम्स काउंटीच्या बाजूच्या अमिश बायकांनी टोपल्या केल्या, आणि काय केल्या! पण त्या काळ्या किंवा गडद निळ्या कापडावर, जांभळ्या, हिरव्या, किरमिजी रंगात, सगळं एकरंगी, छापील काही नाही, आणि बहुतेक 1900 ते 1940 मधल्या. पांढऱ्यावर लाल हे त्यांच्या शेजारणींचं, मेथडिस्ट, लुथरन अशा दुसऱ्या ख्रिस्ती पंथांच्या घरांतलं काम. ‘अमिश’ हा शब्द लावला की किंमत वाढते म्हणून तो ओहायोत आणि पेनसिल्व्हेनियात कशालाही लावतात.

उलट्या टोपलीची गोष्ट सगळ्यात लाडकी आहे. पर्शियन गालिच्यांपासून अमिशांपर्यंत सगळ्यांना ती चिकटवतात, पण क्विल्टचा इतिहास तपासणाऱ्यांना जुन्या पत्रांत, रोजनिशींत तिला आधार मिळालेला नाही. रात्री दिव्याच्या उजेडात 42 ब्लॉक, म्हणजे टोपल्यांचे चौकोन, जोडताना एक फिरला असेल आणि धावदोरा भरून झाल्यावर लक्षात आलं असेल. किंवा लक्षात येऊनही ‘जाऊ दे’ म्हटलं असेल. मला ही बाई देवापुढे नम्र होणाऱ्या बाईपेक्षा जास्त आवडते. तशीच आणखी एक गोष्ट कधीतरी ऐकाल, की टोपलीची क्विल्ट कुंपणावर टाकली की पळून जाणाऱ्या गुलामांना ‘वाटेत शिदोरी घ्या’ असा इशारा असे. हे 1999 मधल्या एका पुस्तकानंतर फार पसरलं. त्या काळचा पुरावा नाही, आणि इतिहासकार ते मानत नाहीत.

म्हणजे तुम्ही फसलात का? गोष्टीच्या बाबतीत होय, क्विल्टच्या बाबतीत नाही. हाताने भरलेली, फाटलेली नसलेली, साधारण 1900 ची लाल-पांढरी टोपल्यांची क्विल्ट 325 डॉलरला मिळणं हा रास्त सौदा आहे. पण नवऱ्याला ‘गुंतवणूक केली’ म्हणून सांगू नका. लोक बातम्यांतले आकडे ऐकून येतात. 1991 मध्ये सदबीजच्या लिलावात 1867 ची एक क्विल्ट 2,64,000 डॉलरला गेली होती, हे खरं. पण तिच्यावर माणसं, घरं, घोडे अशी चाळीस चित्रं आहेत, आणि ती आता नेब्रास्कात लिंकनच्या इंटरनॅशनल क्विल्ट म्युझियममध्ये आहे. तुमच्या-आमच्या टोपल्यांचा बाजार 1980 च्या दशकात होता त्यापेक्षा आज मंदच आहे. घेणाऱ्याला ते सोयीचं.

तरीही संग्राहक टोपल्यांकडे पुन्हा पुन्हा का वळतात, ते तुमच्याच क्विल्टवर बघा. पलीकडच्या भिंतीपासून बघितली तर ती टोपली आहे, कुणालाही ओळखू येते. नाकाजवळ धरली तर नुसते त्रिकोण. एक मोठा त्रिकोण म्हणजे पोट, त्याच्या वर लहान लाल-पांढऱ्या त्रिकोणांचे दात, खाली दोन चिमुकले त्रिकोण म्हणजे बैठक. आणि या सगळ्या सरळ रेषांवर एकच वळण, ती कडी. ब्लॉक चौकोनीच शिवतात, पण टोपली उभी राहायला हवी म्हणून तो कोपऱ्यावर तिरका बसवावा लागतो. मग ओळींच्या मधे कोरे चौकोन येतात. तुमच्या मांडणीत 42 टोपल्या आहेत, त्यांच्या मधे 30 कोरे चौकोन असणार, मोजून बघा. त्या बाईने आपलं सगळं कसब या तीस चौकोनांत ओतलं आहे. फोटोत मला धावदोऱ्याने काढलेलं पिसांचं गोल कडं आणि त्याच्या आत बारीक जाळी दिसते. तिरप्या उजेडात, दिवा बाजूला जमिनीवर ठेवून बघा, मग कळेल. टोपल्या कुणीही शिवतं. जाणकार आधी कोऱ्या जागा बघतात, आणि माझंही मत तेच आहे. रिकाम्या जागेत मोठमोठ्या सरळ रेघा मारून उरकलेल्या क्विल्टचे रंग कितीही सुरेख असोत, मी पैसे देणार नाही.

दुसरं म्हणजे टोपलीने फार लांबचा प्रवास केला. 1840 च्या दशकाच्या उत्तरार्धात बाल्टिमोरच्या आल्बम क्विल्टमध्ये, म्हणजे प्रत्येक चौकोनात वेगळं चित्र असलेल्या क्विल्टमध्ये, ती आली तेव्हा लाल कापडाच्या नाजूक पट्ट्या खालून-वरून विणून केलेली होती, आत गुलाब, द्राक्षं, अननस. ती श्रीमंती आजही श्रीमंतांच्याच खिशाला झेपते. पुढे त्रिकोणांची साधी टोपली आली, आणि तिला नावं किती! केक स्टँड, द्राक्षाची टोपली, चेरीची टोपली, निवडुंगाची टोपली. सेंट लुईसची लेडीज आर्ट कंपनी 1889 पासून टपालाने नमुने विकत होती, त्यामुळे एकच टोपली एकाच वेळी मेन आणि टेक्सास अशा दूरदूरच्या राज्यांत शिवली जाऊ लागली. पेनसिल्व्हेनियाच्या जर्मन घरांतली टोपली झणझणीत, नारिंगी-पिवळ्या क्रोम रंगावर लाल आणि हिरवी. मग इंडियानातल्या मॅरियन गावच्या मारी वेबस्टरचे नमुने 1911 पासून लेडीज होम जर्नल या मासिकात येऊ लागले आणि क्विल्टचे रंग हळूहळू फिके, गोड झाले. कॅन्सस सिटी स्टार या वर्तमानपत्राने 1928 पासून नमुने छापले ते थेट 1961 पर्यंत. 1930 च्या दशकातल्या मंदीच्या वर्षांतल्या टोपल्या गुलाबी, पुदिन्याच्या हिरव्या, कधी कोंबड्यांच्या खाद्याच्या पोत्यांच्या छापील कापडाच्या. अशा कापडावर पोत्याची शिवण उसवल्याची भोकांची रांग दिसली तर मला फार आनंद होतो. ज्याच्या खिशाला जे परवडेल ते दशक त्याने धरावं, टोपली सगळ्यांत सापडते.

क्विल्ट भिंतीवर चित्रासारखी लावण्याची रीत मात्र बरीच अलीकडची. 1971 मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिटनी म्युझियममध्ये जोनाथन होल्स्टीन आणि गेल व्हॅन डर हूफ यांनी आपल्या क्विल्ट टांगल्या आणि पलंगावरची वस्तू एकदम कला झाली. 2011 मध्ये तर न्यूयॉर्कच्याच पार्क अ‍ॅव्हेन्यू आर्मरीत एका संग्राहक बाईंच्या 651 क्विल्ट एकत्र लागल्या, झाडून सगळ्या लाल-पांढऱ्या. त्याचे फोटो नवऱ्याला आणि सासूबाईंना दाखवा. ‘चिंध्या’ हा शब्द निदान जपून वापरला जाईल. आणि सासूबाईंच्या गोधडीचा मान राखून त्यांना हेही सांगा, की गोधडीत जुन्या लुगड्यांचे थर असतात, इथे वरचं लाल-पांढरं कापड बहुतेक दुकानातून नवं कोरं आणलेलं असायचं. अंगावरचं असण्याची शक्यता कमी.

आता निगा. क्विल्ट स्वच्छ चादरीवर पसरा. नायलॉनची बारीक जाळी वर ठेवून व्हॅक्यूम अगदी मंद ठेवा आणि दोन्ही बाजूंची धूळ ओढून घ्या. बहुतेक वेळा एवढंच पुरतं. तपकिरी डाग जर घड्यांच्या रेषेवरच असतील तर ती क्विल्ट वर्षानुवर्षं लाकडी पेटीत होती, लाकडातल्या आम्लाचे ते डाग. ते घालवायच्या नादात ब्लीचला हात लावाल तर खाली भोकं पडतील. राहू देत. ड्रायक्लीनिंगही नको. पुढे कधी धुवायचीच वेळ आली तर जाणकाराकडून, आणि त्याआधी त्या गुलाबी टोपल्यांवर ओला पांढरा कापूस दाबून बघा, रंग लागतो का. चाळीस लाल टोपल्या बहुधा काही करणार नाहीत, त्या दोन मात्र सगळ्या पांढऱ्याची वाट लावतील.

खिडकीसमोरची भिंत नको. आतली, ऊन न येणारी भिंत निवडा. संग्रहालयांत कापडावर 50 लक्सच्या वर उजेड पडू देत नाहीत, म्हणजे खोली अंधारीच वाटते. खिळे, चाप, काही नको. मागे वरच्या कडेला पूर्ण रुंदीची सुती नळी शिवा, तिच्यातून दांडा घाला. नळीचे टाके अस्तर आणि कापसातून घ्या, पुढच्या कापडावर येऊ देऊ नका. तीन-चार महिने लावायची, मग उतरवून विसावू द्यायची.

पुण्यात टिकेल, फक्त प्लॅस्टिकच्या झिपवाल्या पिशवीत घालू नका. पावसाळ्यात आत दमट हवा कोंडते आणि बुरशी धरते. मांजरपाट दोन-तीनदा धुऊन खळ काढून टाका, त्यात गुंडाळा. लाकडी कपाटापेक्षा लोखंडी बरं. घड्यांच्या आत आम्लरहित कागदाच्या सुरळ्या घाला म्हणजे तीक्ष्ण दुमड पडत नाही, आणि दर दोन-तीन महिन्यांनी घडीची जागा बदला. डांबरगोळ्या कापडाला लागून तर नकोतच. श्रावणात एखाद्या कोरड्या दिवशी खोलीत पंख्याखाली पसरा. गच्चीवरचं ऊन नको, आई-आजीने सगळं आयुष्य उन्हातच वाळवलेलं असलं तरी.

आणि अजून घ्यायच्या आहेत म्हणता ते. जरूर घ्या, पण पुढची घ्यायच्या आधी भरपूर बघा. मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटीचा क्विल्ट इंडेक्स इंटरनेटवर फुकट आहे, त्यात ‘बास्केट’ टाकून एक अख्खा रविवार घालवा. सुट्टीत केंटकीतल्या पडूकाला गाडीने जाऊन या, तिथलं नॅशनल क्विल्ट म्युझियम बघा. तिथे नव्या क्विल्ट जास्त असल्या तरी टाके कसे बघायचे ते कळतं. किमतीचा लेखी अंदाज हवा असेल तर अमेरिकन क्विल्टर्स सोसायटीने प्रमाणित केलेले जाणकार फी घेऊन देतात. विम्यासाठीची किंमत आणि बाजारात मिळेल ती किंमत वेगळी असते, दोन्ही विचारा.

बाजारात जाताना पर्समध्ये छोटी यूव्ही टॉर्च ठेवा. आपल्याकडे टिनोपाल, रानीपाल म्हणून पांढऱ्या कपड्यांना घालायचे तसली रसायनं दुसऱ्या महायुद्धानंतर बहुतेक डिटर्जंटमध्ये आणि नव्या कापडात आली. टॉर्चखाली ती निळसर-पांढरी चमकतात. सगळी क्विल्ट चमकली तर कदाचित कुणीतरी आजच्या पावडरीत धुतलेली असेल. पण कापड मंद आणि फक्त धावदोरा चमकत असेल, तर टोपल्या जुन्या आणि क्विल्टिंग परवाचं. जुनं नुसतं वरचं कापड घेऊन, आत पॉलिएस्टर भरून विकायची रीत सर्रास आहे. पाळण्याच्या आकाराची इवलीशी टोपल्यांची क्विल्ट दिसली आणि जीव विरघळला, तर आधी कडा बघा. टोपल्या मधेच कापल्या गेल्या असतील, एका बाजूला काठ नसेल, बाइंडिंग, म्हणजे कडेला दुमडून शिवलेली पट्टी, बाकीच्यापेक्षा नवं असेल, तर ती फाटक्या मोठ्या क्विल्टचा तुकडा आहे. आणि 1992 मध्ये खुद्द स्मिथसोनियनने, अमेरिकेच्या राष्ट्रीय संग्रहालय-संस्थेने, आपल्या संग्रहातल्या क्विल्टच्या नकला चीनमध्ये करवून विकायला दिल्या, अमेरिकेतल्या क्विल्टवाल्या बायका तेव्हा भयंकर चिडल्या होत्या. त्या काळातल्या आयात क्विल्ट आता वापरून वापरून मऊ झाल्यात आणि ‘आजीची’ म्हणून टेबलावर येतात. एका इंचात जेमतेम चार-पाच टाके, सगळीकडे यंत्रवत सारखे, आणि मागच्या कोपऱ्यात लेबल कापल्याची खूण, एवढं दिसलं की पुढे चला.

एक काम मात्र या आठवड्यातच करा. इस्टेट सेल चालवणाऱ्यांना फोन करून विचारा की क्विल्ट कोणत्या घरातली, ते कुटुंब कुठल्या काउंटीतलं, घरात शिवणारं कोण होतं. सहा महिन्यांनी त्यांनाही आठवणार नाही. जे कळेल ते पांढऱ्या सुती पट्टीवर पेन्सिलीने लिहा, तुम्ही कुठे आणि कधी घेतली तेही लिहा, आणि ती पट्टी अस्तराच्या खालच्या कोपऱ्यात चार टाक्यांनी टाचा. अमिश आणि सिव्हिल वॉर त्यावर लिहू नका.